रत्नागिरीचा शिमगा

शिमगा हा शब्द उच्चारला कीं सुशिक्षित घरांत अद्यापि नाकें मुरडलीं जातात. गुढीपाडवा, रामनवमी, गणेशचतुर्थी, नवरात्र ह्यांविषयीं घरांतील वडीलधारी माणसें मुलांस हौसेनें सांगतील. परंतु फाल्गुनी पौर्णिमेचा विषय निघाला म्हणजे संभाषण पुरणपोळीपाशींच थांबतें. बोंब मारणें, अपशब्द बोलणें, राख-चिखल उडविणें, ह्यापलीकडे त्या सणांत कांहीं असेल असें पुष्कळांस वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नव्हतें. सारा जन्म रत्नागिरी तालुक्यांत गेला, शाळेंत तीस-पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें, आणि त्या सर्व काळांत फाल्गुन शुद्ध पंचमीपासून पुढचे दहा दिवस आम्ही कपाळाला आठ्या घालूनच वावरलों. एखाद्या मुलानें वर्गांत शिमग्यांतला शब्द उच्चारला तर त्यास बांकावर उभें करणें हें आमचें त्या दिवसांतलें मुख्य कर्तव्य असे. गेल्या फाल्गुनांत मात्र गांवीं राहून जो शिमगा पाहिला, त्यानें ह्या आठ्या पुष्कळशा सैल केल्या. तो प्रकार वाचकांस सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. आमचे कांहीं मित्र 'शिमगा' हा शब्द ग्राम्य समजून 'होलिकोत्सव' असें लिहितात. त्यांस सांगावयाचें तें असें कीं, शिमगा हा शब्दही चांगल्या कुळांतला आहे. बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या देशीनाममालेंत फाल्गुनांतील उत्सवाला 'सुगिम्हअ' म्हटलेलें आहे; त्याचें संस्कृत रूप सुग्रीष्मक. येणाऱ्या उन्हाळ्याचें स्वागत करणारा तो सण. गोमंतकांत त्याचा 'शिगमो' झाला आणि आमच्याकडे अक्षरांची उलटापालट होऊन शिमगा. कोंकणांत फाल्गुनाच्या मध्यास जें उकडूं लागतें तें ज्यानें अनुभविलें आहे, त्यास ग्रीष्म शब्दाची निराळी फोड करून सांगावयास नको.

दुसरें असें कीं, हा सण एका दिवसाचा नव्हे. शुद्ध पंचमीला आमच्याकडे फाकपंचमी म्हणतात. त्या दिवशीं पहिला लहानसा होम पेटतो, आणि मग रोज रात्रीं एकेक. मुख्य होमाच्या बाबतींत जिल्ह्यांतल्या गांवांचे दोन पक्ष आहेत. त्रयोदशीस होम करणारीं गांवें 'तेरसीं', पौर्णिमेचा होम करणारीं 'भद्रीं'. भद्रा हा पंचांगांतला एक कुयोग. पौर्णिमेच्या पूर्वार्धांत तो असतोच, आणि भद्रेंत होलिका पेटवूं नये असा शास्त्राचा दंडक. अगदींच निर्वाह नसेल तर भद्रेचें मुख टाळून पुच्छांत पेटवावी, एवढी सवलत. धर्मसिंधु उघडून पाहावा म्हणजे ह्या विषयाचा केवढा काथ्याकूट झालेला आहे तें कळेल. त्या ग्रंथाचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्ये पंढरपुरास राहिले, तेथेंच १७९० च्या सुमारास त्यांनीं ग्रंथ लिहिला. पण त्यांचें घराणें मूळचें संगमेश्वर तालुक्यांतल्या गोळवलीचें. ज्याच्या घराण्यानें तेरशा-भद्र्यांचा गोंधळ डोळ्यांनीं पाहिला, त्यानें भद्रेवर इतकी शाई खर्चावी हें आम्हांस स्वाभाविक वाटतें. आमच्या बायकांनीं मात्र ह्या गोंधळाचा सोपा निकाल लावलेला आहे. माहेर तेरसें आणि सासर भद्रें असलें म्हणजे मुलीला दोन शिमगे मिळतात.

निवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे ठाण्यास असतों. ह्या वेळीं बरोबर आमच्या थोरल्या वहिनी, पुतण्या, सूनबाई व त्यांचीं दोन मुलें अशी मंडळी होती. त्रयोदशीच्या रात्रीं गाडींत पाय ठेवावयास जागा नव्हती. कोंकणांतला चाकरमानी वर्षांतून दोनदां घरीं जातो, एकदां गणपतीस आणि एकदां शिमग्यास. शेजारच्या बांकावरच्या तरुणाच्या मांडीवर जरीच्या वस्त्राची घडी होती. देवाला न्यावयाची म्हणून त्यानें ती रात्रभर खालीं ठेविली नाहीं. दोहोंपैकीं एकाच सणाला रजा मिळाली तर कोणता सण धराल, असें आम्हीं सहज विचारलें. तो म्हणाला, "गणपती काय, घरांत दुसरा कुणी आणील. पालखीला खांदा ज्याचा त्यानंच द्यावा लागतो, मास्तर." आम्ही मास्तर हें त्यानें कसें ओळखलें कोण जाणे! प्रश्न विचारण्याच्या ढबीवरून ओळखलें असावें.

आमचे वडील मुंबईहून बोटीनें येत. बंदरापासून दूर बोट उभी राही, पडावांतून कांठाला यावें लागे आणि उतरतांना धोतर भिजे. शिमगा तेथूनच सुरू झाला, असें ते हंसत म्हणत. १९९८ च्या जानेवारींत कोंकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली, आणि आतां करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा संपला कीं रत्नागिरी आलीच म्हणावयाची. ह्या बोगद्यांत गाडी शिरली आणि डब्यांतल्या पोरांनीं एकदम तोंडावर हात मारून बोंब ठोकली. ती इतकी घुमली कीं आमचे नातू भांबावून आमच्याकडे पाहूं लागले. आम्ही शिक्षकी संवयीनें उठून कांहीं बोलणार, तोंच वहिनी खिडकीपाशीं तोंडाला पदर लावून हंसत असलेल्या दिसल्या. थोरले बंधु गेल्यापासून त्यांस हंसतांना आम्हीं क्वचित् पाहिलें होतें. आम्ही खालीं बसलों.

पौर्णिमेची रात्र रत्नागिरी शहरांत एका आप्तांकडे काढली. ज्या शहरांत १८५६ सालीं लोकमान्यांचा जन्म झाला, जेथें ब्रह्मदेशाचा थिबा राजा तीस वर्षें बंदिवासांत राहून १९१६ सालीं वारला, तें हें शहर. कचेऱ्या, न्यायालयें, शाळा आणि कॉलेजें ह्यांनीं गजबजलेलें. पण ह्या एका रात्रीं तें शहर उरत नाहीं, गांव होतें. शहराचें ग्रामदैवत श्रीदेव भैरी. बारा वाड्यांचा देव अशी त्याची ख्याति आहे. खालच्या आळींतल्या त्याच्या देवळाच्या आवारांत रात्रीं जी गर्दी लोटते तींत वकील, मच्छीमार, गाडीवाले, बँकेंतले कारकून सगळे एका ढोलाच्या ठेक्यावर हलत असतात. मिऱ्याकडच्या व इतर आसपासच्या गांवांच्या पालख्या भैरीच्या भेटीस येतात. आपल्या पालख्या समोरासमोर आणून खांदेकरी त्या अशा कलवितात कीं दोन वडीलधाऱ्यांनीं एकमेकांस वांकून भेटावें. त्या क्षणीं जी आरोळी उठते ती ऐकून अंगावर कांटा आला, हें कबूल केलें पाहिजे. मध्यरात्रीं भैरीची पालखी देवळांतून बाहेर पडते, वाड्यावाड्यांतून फिरते, आणि पुढें झाडगांवच्या सहाणेवर विराजमान होते. सहाण म्हणजे पालखी बसण्याची ठरलेली जागा. रंगपंचमीला ती तेथून उठून परत निघते. भैरीला पोलीसदलाकडून मानवंदना दिली जाते, ही गोष्ट परगांवच्या पाहुण्यांस मोठी नवलाची वाटते. आम्हांस तींत नवल वाटत नाहीं. गांवची राखण करणारे ते दोघेही. एकानें दुसऱ्यास सलाम केला तर बिघडलें कोठें? ध्वनिवर्धकांचा कर्कश गोंगाट मात्र कमी होईल तर बरें. भैरी बहिरा नाहीं.

आतां ह्या आरडाओरडीविषयीं शास्त्र काय म्हणतें तें सांगावयास हवें, कारण आमच्या आठ्यांचें मूळ तेथेंच होतें. प्रल्हाद आणि होलिका ह्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. भविष्योत्तर पुराणांत दुसरी आहे, आणि शिमग्याला तीच अधिक लागू पडते. रघुराजाच्या राज्यांत ढुंढा नांवाची राक्षसी लहान मुलांस पीडा देऊं लागली. तिला शंकराचा वर होता. देव, मनुष्य, शस्त्र ह्यांपासून तिला मरण नव्हतें. प्रजा राजाकडे गेली आणि राजानें पुरोहितांस उपाय विचारला. उपाय असा निघाला कीं, तिला भय फक्त मुलांचें. थंडी सरून उन्हाळा लागतांना मुलांनीं निर्भयपणें बाहेर पडावें, लाकडें व गोवऱ्या गोळा करून अग्नि पेटवावा, त्याला प्रदक्षिणा घालाव्या, टाळ्या पिटाव्या, हंसावें, गावें, आणि मनांत येईल तें मोठ्यानें बोलावें. त्या गोंगाटानें राक्षसी नाहींशी झाली. म्हणजे पाहा, वर्षांतून एक दिवस मुलांना मोकळ्या तोंडानें ओरडूं द्यावें हें पुराणाचें विधान. आणि तोच दिवस साधून आम्ही पस्तीस वर्षें मुलांस बांकावर उभें करीत होतों! ह्याचा अर्थ वाटेल ती असभ्यता चालवावी असा नव्हे. शिमग्याच्या आडोशानें परस्त्रियांस त्रास देणारे महाभाग पूर्वींही होते, आजही आहेत. त्यांचा पुराणाशीं कांहीं संबंध नाहीं. त्यांचा संबंध चौकीशीं असावा.

संस्कृत पंडितांस ह्याहून महत्त्वाचें एक स्थळ आहे, त्याचा उल्लेख पुढच्या हकीकतीसाठीं आवश्यक आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत होलाकाधिकरण म्हणून एक अधिकरण येतें. शबरस्वामींनीं प्रश्न मांडला तो असा: होलाका प्राच्य लोक करतात; दाक्षिणात्य आणि उदीच्य ह्यांचे दुसरेच कांहीं आचार आहेत. मग ह्या आचारांस आधारभूत म्हणून जी श्रुति आपण अनुमानानें धरितों, ती त्या त्या प्रांतापुरती समजावी कीं सर्वांसाठीं? सिद्धांत असा कीं सर्वांसाठीं. कर्म करणाऱ्याच्या अंगचें असें कोणतेंही कायमचें चिन्ह दाखवितां येत नाहीं, कीं ज्यायोगें हें कर्म अमक्यानेंच करावें, तमक्यानें करूं नये, असें ठरावें. होळीचें नांव इतक्या जुन्या ग्रंथांत यावें आणि तेंही अधिकार कोणाचा ह्या प्रश्नाच्या संदर्भांत यावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, ज्यांस १९६३ सालीं भारतरत्न मिळालें, ते ह्याच जिल्ह्यांतले. त्यांनींही आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पांचव्या खंडांत होलिकेची चर्चा केली आहे. आम्हीं हें अधिकरण विद्यार्थिदशेंत पाठ केलें, पुढें हुषार मुलांस समजावूनही दिलें. पण त्याचा उपयोग कधीं दारांत उभें राहून करावा लागेल असें वाटलें नव्हतें.

दुसरे दिवशीं आम्ही खाडीपलीकडे आमच्या गांवीं पोंचलों. गांव भद्रें. होम होऊन गेला होता, त्याची राख अजून ऊन होती, आणि मधोमध उभा केलेला सुरमाड अर्धा काळवंडून तसाच ताठ होता. सहाणेवर पालखी बसली होती. देवांचीं रुपें, म्हणजे चांदीचे मुखवटे, वर्षभर पेटींत असतात. शिमग्यांत तीं बाहेर निघतात, त्यांस वस्त्रें नेसवितात, आणि मग 'रुपें लागलीं' असें गांव म्हणतें. तेव्हांपासून देव हा देवळांत राहणारा कोणी थोर पुरुष न राहतां गांवांतून हिंडणारा एक वडीलधारा माणूस होतो. त्याच्यापुढें खेळे नाचतात. खेळ्यांतला संकासूर पाहून आमचे नातू इतके हरखले कीं जेवणासाठीं हांका माराव्या लागल्या. अंगांत काळा पोशाख, डोक्यावर उंच टोपी, पांढरी दाढी, हातांत चाबूक. पुराणांतला शंखासुर वेद चोरून समुद्रांत दडला आणि मत्स्यावतारांत मारला गेला. आमच्या शिमग्यांतला संकासूर मात्र सर्वांचा लाडका. लोक त्याच्या पायां पडतात, मुलांस त्याच्या हातीं देतात. साडी नेसलेली गोमू त्याच्याबरोबर असते, आणि ती गांवांतल्याच कोणा मिसरूड फुटलेल्या मुलाची झालेली असते. वेद चोरणाऱ्याला इतक्या मायेनें वागविणारा दुसरा मुलूख आम्हांस ठाऊक नाहीं.

पण रत्नागिरीच्या शिमग्याचें मर्म होमांतही नाहीं आणि खेळ्यांतही नाहीं. तें आहे भोवनींत. इतर सर्व सणांत आपण देवाकडे जातों, किंवा त्याची मूर्ति घरीं आणून बसवितों. शिमग्यांत ग्रामदेवता आपण होऊन उठते आणि घरोघर जाते. पालखी कोणत्या दिवशीं कोणत्या वाडींत, कोणत्या घरापासून आरंभ, कोणत्या घरीं वस्ती, हें सारें पिढ्यान्पिढ्या ठरलेलें. घरासमोर अंगण सारवून रांगोळी घालतात. पालखी ओसरीवर टेकते. घरची सुवासीण ओटी भरते, यजमान नारळ ठेवितो, आणि गुरव गाऱ्हाणें घालतो. गाऱ्हाण्यांत त्या घरचा यजमान नांवानें घेतला जातो: अमक्याच्या गुराढोरांस, पोराबाळांस, परमुलखीं गेलेल्यांस सुखरूप ठेव. प्रत्येक मागणीला मागचे सगळे 'होय महाराजा' म्हणतात. एकाच्या घरासाठीं साऱ्या गांवानें हमी भरावी, असा तो प्रकार. नवस बोलले जातात, गेल्या वर्षींचे फेडले जातात, आणि पालखी पुढच्या घराकडे वळते.

ह्या चित्रांत एक डाग होता, तो लपविणें बरें नव्हे. आमच्या लहानपणीं पालखी गांवांतल्या सगळ्या दारीं जात नसे. एका वाडीच्या वेशीवर ती थांबे. तेथील लोक अंतरावरून नारळ ठेवीत आणि लांबूनच हात जोडीत. ज्या रत्नागिरी शहरांत १९३१ सालीं पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुलें झालें, त्याच्यापासून कांहीं कोसांवरच्या आमच्या गांवांत हें पुढें कितीतरी वर्षें चाललें, आणि आम्ही संस्कृतज्ञ मंडळी तें पाहत उभे होतों. जैमिनीचें अधिकरण तेव्हांही आम्हांस पाठ होतें. आतां आमच्या गांवीं पालखी त्या वाडींतही घरोघर जाते. हें काम शास्त्र्यांनीं केलें नाहीं. त्या वाडींतल्या व इतर वाड्यांतल्या तरुणांनीं एक होऊन केलें. मानपानाचे तंटे मात्र कोंकणांत संपलेले नाहींत. पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, ह्यावरून कांहीं गांवांत भावकी दुभंगते आणि पालखी बंदोबस्तांत देवळांतच राहते. देव अडकून पडतो आणि माणसें न्यायालयांत हिंडतात.

आमचें घर खोताचें. त्यामुळें पालखीचा एक मान आमच्याकडे. खोती १९४९ च्या कायद्यानें गेली, पुढें कुळकायद्यानें बहुतेक जमिनी गेल्या, आणि गेल्या त्या न्यायानेंच गेल्या. ज्यांचे आजे आमची कुळें होते, तेच आज स्वतःच्या जमिनीचे मालक म्हणून पालखीला खांदा देतात. त्यांनीं मनांत आणलें असतें तर आमचें घर वगळणें कठीण नव्हतें. त्यांनीं तें वगळलें नाहीं.

वगळण्याची वेळ आमच्याच बाजूनें आली होती. तिघां भावांत थोरले बंधु गांवीं राहत. ते वारले, पुढें वहिनींस पुतण्यानें आपल्याकडे नेलें, आणि घराला कुलूप लागलें. त्याच्या पुढच्या शिमग्यास आमच्यापैकीं कोणीही गेलें नाहीं. प्रत्येकाला वाटलें, दुसरा जाईल. वैशाखांत आंब्याच्या निमित्तानें आम्ही दार उघडावयास गेलों, तों उंबरठ्यावर हळदकुंकू वाळून गेलेलें, आणि कडेला नारळाची एक वाटी सुकून, काळी पडून राहिलेली. पालखी येऊन गेली होती. शेजाऱ्यांनीं सांगितलें, बंद दारापुढें ती टेकली, गुरवानें थोरल्या बंधूंच्या नांवानें गाऱ्हाणें घातलें, गांवानें 'होय महाराजा' म्हटलें, आणि प्रसाद उंबऱ्यावर ठेवून सगळे पुढें गेले. मेलेल्या माणसाच्या पोराबाळांस सुखरूप ठेव असें देवास सांगितलें जात असतां, तीं पोरेंबाळें ठाण्यास पंखा लावून बसलेलीं होतीं. ती वाटी आम्हीं घरीं आणून दाखविली. वहिनींनीं ती हातांत घेतली आणि कांहीं बोलल्या नाहींत.

ह्या हिंवाळ्यांत घराला गिऱ्हाईक आलें. रक्कम चांगली होती. पुतण्याचा हिशेब बिनचूक होता: छप्पर दरवर्षीं शाकारावें लागतें, वाळवी लागली आहे, राहणार कोणी नाहीं. धाकट्या बंधूंनीं दूरध्वनीवरून, तुम्ही ठरवाल तें मान्य, असें सांगून टाकलें. आम्हींही कांहीं विरोध केला नाहीं. विरोध करणाऱ्यानें तेथें जाऊन राहिलें पाहिजे. वहिनींनीं एवढेंच म्हटलें कीं, एक शिमगा होऊं दे, मग काय तें करा. म्हणून हा प्रवास.

तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला पालखी आमच्या वाडींत आली. अंगण सूनबाईंनीं सारविलें होतें. आयुष्यांत प्रथमच सारविल्यामुळें तें जागोजागीं खडबडीत झालें होतें, पण रांगोळी सुरेख होती. ढोल जवळ येऊं लागला तशीं मुलें फाटकापाशीं धांवलीं. पालखी आंत आली, ओसरीवर टेकली. खांदेकऱ्यांनीं घाम पुसला. गुरवानें नारळ हातांत घेतला, तोंड उघडलें, आणि तो थांबला.

"मास्तर, नाव कुणाचं घेऊ? इतकी वर्सं दादांचं घेत होतो."

प्रश्न साधा होता. पण ज्याचें नांव गाऱ्हाण्यांत घेतलें जाईल, त्यानें पुढच्या फाल्गुनांत दार उघडावयास हवें, हें तेथल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. वयानें आम्ही वडील, वारसानें तो पुढें. दोघांनाही एकमेकांचा मान राखण्याची त्या क्षणीं एकाएकीं मोठी हौस आली. मागें उभी असलेली चाळीस-पन्नास माणसें मुकाट्यानें वाट पाहत होतीं.

वहिनी आंतल्या दारांत उभ्या होत्या. बंधु गेल्यापासून त्या मंगल प्रसंगीं पुढें येत नसत, ओटीचें ताट सूनबाईंच्या हातीं देऊन मागें राहत. त्या उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या आणि गुरवास म्हणाल्या, "माझें नांव घ्या."

मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "भावजी, शास्त्राची कांहीं अडचण असेल तर आत्तांच सांगा. मागाहून नको."

आमच्या डोक्यांत धर्मसिंधूचीं पानें भराभर उलटूं लागलीं. काय योग्य, कोणास अधिकार, कोठें काय निषेध. त्या पानांच्या मागून शबरस्वामींचें तें वाक्य येत होतें, कीं कर्त्याच्या अंगीं असें कायमचें चिन्ह कोणतें दाखवाल? तें वाक्य मराठींत नीट जुळवून गांवकऱ्यांस समजेल अशा रीतीनें सांगावें म्हणून आम्हीं घसा साफ केला. पण गुरव आमच्यासाठीं थांबला नव्हता. त्यानें वहिनींचें नांव घेऊन गाऱ्हाण्यास आरंभ केलाही होता. पहिला 'होय महाराजा' मागच्या रांगेंतल्या एका म्हाताऱ्या खांदेकऱ्यानें म्हटला. त्याचा आजा आमच्या आज्याकडे मक्त्याचें भात मोजून घालीत असे. मग सगळ्यांनीं म्हटला. आम्हींही म्हटला.

सूनबाई ओटीचें ताट घेऊन पुढें आल्या, त्यांनीं तें वहिनींपुढें धरलें, आणि वहिनींनीं आपल्या हातानें देवाची ओटी भरली. कोणी कांहीं बोललें नाहीं. पोरांनीं पालखी उचलून अंगणांत अशी नाचविली कीं सारवलेल्या जमिनीचे पोपडे उडाले. आमच्या थोरल्या नातवानें दांडीखालीं खांदा घालण्याचा हट्ट धरला. त्याची उंची पुरत नव्हती, म्हणून एका खांदेकऱ्यानें त्याला कडेवर घेऊन त्याचा हात दांडीला लावूं दिला.

पालखी वळणापलीकडे गेल्यावर पुतण्यानें खिशांतली किल्ली काढून आईपुढें धरली. वहिनींनीं ती कनवटीला लावली आणि ओसरीवरचा दिवा आंत घ्यावयास सांगितलें.

गिऱ्हाइकाला अद्याप होकार गेलेला नाहीं, नकारही गेलेला नाहीं. परतीच्या गाडींत, करबुड्याचा बोगदा मागें पडल्यावर, पुतण्यानें आम्हांस विचारलें कीं पुढच्या वर्षीं फाल्गुनी पौर्णिमा कोणत्या वारीं येते. नवें पंचांग ठाण्यास राहिलें होतें. पोंचतांच पाहून सांगतों, असें आम्हीं म्हटलें.